सुपारी द्यायच्या आधी

गणपतीला सहा आठवडे राहिले. मिरज-सांगलीच्या गल्ल्यांतून या दिवसांत मंडळांच्या बैठका लागतात. पावतीपुस्तकं छापून येतात, मूर्तीचा इसार गेलेला असतो आणि यंदा डॉल्बी कुणाची लावायची यावर रात्री अकरा-अकरापर्यंत खल चालतो. एकदा सुपारी गेली की विषय मिटला. मग कुणी काही सांगायला गेलं तर 'आता ॲडव्हान्स दिलाय ओ बाई' एवढंच ऐकून परत यायचं. गेल्या वर्षी मी तशीच परत आले. म्हणून यंदा सुपारी जायच्या आधीच हे लिहिते आहे.

मी मिरजेत गाण्याचा आणि पेटीचा क्लास चालवते, 22 वर्षं झाली. सध्या शनिवारच्या बॅचला 14 मुलं आहेत. त्यातली पाच अशी की त्यांना आधी कुठल्या ना कुठल्या क्लासने 'नको' म्हटलेलं आहे. दोघं स्वमग्न, ज्याला आता घरोघरी ऑटिझम म्हणतात. एक सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, एक डाउन सिंड्रोम असलेला मुलगा, आणि एकजण असा की त्याचं नक्की काय ते डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. तो एका जागी बसत नाही, एवढं मी सांगू शकते. ज्यांच्या मेंदूची ठेवणच वेगळी आहे त्यांच्यासाठी हल्ली न्यूरोडायव्हर्जंट असा शब्द आलाय. शब्द चांगला आहे, कारण त्यात रोग नाही. पण आमच्या गल्लीत तो कुणाच्या जिभेवर बसायचा नाही, म्हणून मी 'आपली पोरं' म्हणते आणि पुढे जाते.

माझं मागणं मंडळांकडे आहे, माझ्यासारख्या क्लासवाल्यांकडे आहे, आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून पडली आहे त्यांच्याकडेही आहे. पण आधी गेल्या विसर्जनाची रात्र सांगते.

त्या दोघा स्वमग्न मुलांतला मोठा, 11 वर्षांचा, मिरवणुकीच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्वागत कमानी बघायला बाहेरगावची माणसं लोटतात, तो हा रस्ता. रात्री साडेआठला त्याच्या आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, फटींत टॉवेल कोंबले होते आणि पोरगा मोरीत होता. अंगावर कपडे तसेच. नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून वाहत होती, आणि धारेजवळ कान नेऊन तो उकिडवा बसला होता. पाण्याचा तो एकसारखा आवाज त्याने स्वतःभोवती पांघरून घेतला होता. खालून दणका आला की आरशाखालची काचेची फळी थरथरायची आणि तो मनगट चावायचा. जुन्या वळांवर नवे वळ उमटत होते. आई दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिने मला 'चहा टाकू का' असं विचारलं, हे मला अजून आठवतं. वडील खाली पोरांना विनंती करायला गेले होते. ते जिना चढून आले आणि काही न बोलता बूट काढत बसले.

सव्वाअकराला टाकी संपली आणि नळ थांबला.

बारा वाजता पोलिसांनी आवाज बंद करायला लावला. मधली ती पाऊण तासाची गोष्ट मी लिहीत नाही. त्या घराची ती खाजगी आहे.

आता हाच मुलगा दर शनिवारी माझ्याकडे येतो आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावून बसतो. चाळीस-चाळीस मिनिटं. तारा छेडणारीचा हात थांबला की तिचं बोट धरून परत तारेवर ठेवतो. तेव्हा 'याला आवाज सोसत नाही' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्याला आवाज हवा असतो. पुढचा आवाज कसा येणार हे कळलेलं हवं असतं. तंबोऱ्याचा षड्ज फिरून फिरून तोच येतो, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. डॉल्बीचा खालचा दणका छातीत कधी बसेल याचा मात्र नेम नसतो. आपल्या डोक्यात एक चाळणी आहे. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारचा टीव्ही ती बाजूला काढते आणि समोरच्याचं बोलणं तेवढं आत सोडते. अनेक स्वमग्न माणसांत ही चाळणी वेगळी चालते. सगळं एकाच जोराने आत येतं. वरून मिरवणुकीतला तो लेसरचा झोत. आपल्या पोरांपैकी काहींना फिट्सचाही त्रास असतो, आणि काहींना लुकलुकत्या प्रकाशानेच फिट येते.

कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकते. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती सरकार 100 मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करू शकतं. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण मी पोलिसांचा धाक दाखवायला आलेले नाही. धाकाने आवाज एक वर्ष कमी होतो, पुढच्या वर्षी दुप्पट होतो; हे आम्ही इथे राहून बघितलंय. मला मंडळातल्या पोरांशी बोलायचंय. त्यातली निम्मी माझ्याकडे कधी ना कधी 'सा' लावून गेलेली आहेत.

तर पोरांनो, दहा दिवसांतली एक संध्याकाळ द्या. एकच आरती, पंधरा-वीस मिनिटांची, जिथे स्पीकर बंद, लुकलुकणारी माळ बंद, नुसती पेटी, टाळ आणि माणसांचा गळा. त्या आरतीला आपली पोरं पुढे बसतील. त्यांच्यातलं कुणी मधेच उठलं, ओरडलं, मूर्तीभोवती चकरा मारायला लागलं, तर मारू दे. ती संध्याकाळ कुठली हे फळ्यावर लिहा आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे दोन-चार घरं जी दहा दिवस दार लावून बसतात ती त्या दिवशी बाहेर पडतील. दुसरं, मिरवणूक आपल्या दारावरून किती वाजता जाणार हे दोन दिवस आधी घरोघरी सांगा. तुम्हाला हे फालतू वाटेल. पण आधी कळलं तर ती आई पोराला घेऊन बेडगला बहिणीकडे तरी जाऊ शकते. न कळता रस्ता बंद झाला की ती अडकते.

आणि डॉल्बीला जेवढे पैसे मोजता त्यातले थोडे वळवून लेझीम आणि झांजा आणा. हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाहीये. मला जुन्या काळाचं फारसं कौतुक नाही. जुन्या काळात ही पोरं मागच्या खोलीत असायची. पण लेझीम बघून करता येते. ज्याला ऐकू येत नाही तो समोरच्याचे हात बघून बरोबर उठतो-बसतो. झांज एका हातात धरून मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या झांजेवर आपटता येते, चाकाच्या खुर्चीत बसूनसुद्धा. ढोलाचं पान तळहाताला आणि पोटाला ऐकू येतं. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या जगभर गाजलेल्या तालवादक जवळजवळ पूर्ण बहिऱ्या आहेत आणि मंचावर अनवाणी वाजवतात, कंप पायांतून घेतात. डॉल्बीपुढे मात्र सगळ्यांनी करायचं एकच, उभं राहून हलायचं. वाजवायला तिथे कुणालाच काही नसतं, धडधाकटालाही.

2025 साली राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, म्हणजे तो राज्यातल्या सगळ्यांचा झाला. राज्यात 2011 च्या जनगणनेत अपंग म्हणून नोंदलेली माणसंच 29 लाखांच्या वर आहेत, आणि त्या यादीत ऑटिझमचा रकानाही नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाच्या सात प्रकारांचे 21 केले तेव्हा कायद्याच्या यादीत ऑटिझम आला. त्याच कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काबद्दल आहे. माझ्या ओळखीच्या एकाही पालकाला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, एका आईने प्रमाणपत्रासाठी खेटे घालताना कुठूनसं वाचून मला दाखवलं.

आता क्लासवाल्यांशी बोलते, आणि इथे मला आधी स्वतःचा कान धरावा लागतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या सोप्यात आल्या. मुलगा आला तो थेट तबल्याकडे गेला, शाईवर नख फिरवायला लागला, मग पेटीचे सगळे सूर एकदम दाबले, मग खिडकीच्या गजांवर चढला. माझी बॅच चालू होती, परीक्षा महिन्यावर होती. मी म्हटलं, 'आधी थोडं बसायला शिकू दे, मग आणा.' मी हे गोड आवाजात म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या, त्याच्या बोटांना लागलेली शाईची भुकटी पदराने पुसली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी मार्केटात भाजी घेताना भेटल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, 'मोठा झाला आता. बसतो. दिवसभर बसलेलाच असतो.'

मी पालकाची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले.

बसायला शिकल्यावर आणा, हे आपण सगळे म्हणतो. शाळा म्हणते, क्लास म्हणतो, नाटकाच्या दारावरचा माणूस म्हणतो, देवळातला पुजारीसुद्धा म्हणतो. आणि ज्याला आपण बसणं म्हणतो ते शिकायची जागाच आपल्याकडे असते, हे आपल्या लक्षात येत नाही. समेची वाट बघणं म्हणजे तरी काय? सोळा मात्रा दम धरायचा आणि सतराव्या क्षणाला सगळ्यांबरोबर एका जागी यायचं. जो मुलगा दोन मिनिटं टिकत नाही असं त्याची शाळा सांगते, तो केहरव्याची आठ मात्रांची आवर्तनं एकामागून एक धरून बसतो, कारण प्रत्येक वेळी पहिली मात्रा येणार याची त्याला खात्री असते. इतकी खात्री त्याला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

परदेशात याचं शास्त्र झालेलं आहे. 1959 साली पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्लंडमधला विशेष मुलांचा शिक्षक, अशा दोघांनी मिळून एक पद्धत सुरू केली. मूल टेबलावर तीनदा आपटतं. त्याला गप्प न करता समोरचा माणूस पियानोवर तीनच आघात देतो आणि थांबतो. मूल चमकून बघतं. मग चार आपटतं. चाराचं उत्तर येतं. ज्याच्या कुठल्याच हालचालीला आजवर 'नको' याखेरीज उत्तर आलेलं नाही, त्याला पहिल्यांदा सवालाला जवाब मिळतो. तमाशाचा फड बघितलेल्या माणसाला हे फोडून सांगावं लागणार नाही.

ही जोडी पुढे जगभर गाजली. संगीतोपचार हा आता रीतसर शिकण्याचा विषय आहे. पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा साधं पाणी मागू शकत नाहीत पण आरतीची चाल लागली की शब्दांसकट म्हणतात, हे काही घरांनी पाहिलं असेल. त्यावरूनही एक उपचार उभा आहे, 1973 पासून. पार्किन्सन्सच्या माणसाचे अडखळणारे पाय ठोक्याबरोबर पडायला लागतात, त्याचाही अभ्यास झालाय.

पण इथे मला एक गोष्ट खणखणीत सांगायची आहे, कारण आपल्याकडे याच गोष्टीचा बाजार होतो. अमुक राग ऐकवा, ऑटिझम जातो. तमुक राग पहाटे लावा, मूल बोलायला लागतं. असे तक्ते फोनवर फिरतात, आणि कुणी त्यांची सीडी विकतं, कुणी 21 दिवसांचं शिबिर. पालक गळ्यातलं विकून तिथे जातात. त्यांना माझी हात जोडून विनंती, जाऊ नका. 2017 साली छापून आलेल्या एका अभ्यासात नऊ देशांतली चार ते सात वयाची 364 स्वमग्न मुलं घेऊन त्यातल्या निम्म्यांवर पाच महिने संगीतोपचार करून बघितला. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्या बाकीच्या मुलांपेक्षा त्यांच्या मिसळण्या-वागण्याच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. 2022 साली 26 अभ्यास आणि 1165 माणसं एकत्र धरून परत तपासलं, तेव्हा एकूण सुधारणा, जगण्याची प्रत, लक्षणांची तीव्रता यांत संगीताच्या बाजूने कौल आला. बोलण्यात आणि मिसळण्यात मात्र लगेच स्पष्ट फरक नाहीच. शास्त्र एवढं बोलतं, याच्या पुढे बोलत नाही. भूप, मालकंस, दरबारी, कुठलाही राग ऑटिझम 'घालवत' नाही, आणि खरं म्हणजे तो घालवायचा हा आग्रह तरी कुणाचा? ज्याचा मेंदू तसा घडलाय त्याने तसंच गावं, तसंच वाजवावं. कुणी स्वतःला संगीतोपचारक म्हणवत असेल तर त्याचं शिक्षण कुठे झालं, किती मुलांबरोबर काम केलं, आणि सत्र चालू असताना तुम्हाला आत बसू देतो का, हे तिन्ही विचारा. बरं करतो म्हणाला तर उठून या.

मी उपचारक नाही. मी पेटी शिकवते. आणि म्हणूनच क्लासवाल्यांकडे माझं मागणं उपचाराचं नाही, शेजाराचं आहे. उपचाराची खोली वेगळी असते, तिथे मूल आणि मोठा माणूस दोघंच असतात. तीही हवी, ज्यांना मिळते त्यांना मिळो. पण त्या खोलीतून बाहेर आल्यावर मुलाने जायचं कुठे? त्याच्या वयाची पोरं जिथे 'सा' लावतात तिथे त्याला जागा नसेल, तर एवढ्या उपचाराचं करायचं काय?

एक उदाहरण देते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची उजवी मूठ उघडत नाही. डावा हात खांद्यातून हलतो, बोटं वेगवेगळी हलत नाहीत. पेटी शिकायची म्हणून हट्ट धरून आली. पेटी हे दोन हातांचं वाद्य, एक भात्यावर आणि एक सुरांवर. मी दोन आठवडे विचार करत बसले. मग एक दिवस पेटी टेबलावर ठेवली, ती खुर्चीवर भात्याच्या बाजूला बसली आणि सुरांच्या बाजूला चौथीतली एक मुलगी. भात्याला मी जुन्या दप्तराचा पट्टा बांधला, त्यात तिचं मनगट अडकवलं. ती खांद्याने ओढते आणि सोडते. समोरची वाजवते. एका पेटीवर दोघी.

पहिला महिना भयानक गेला. हवा तुटायची, सूर मधेच मरायचा. चौथीतली वैतागायची, तिला एकटीने वाजवायची सवय, आणि आता समोरचीचा खांदा वर गेल्याशिवाय हिचा 'ग' वाजेना. मग ती समोर बघून वाजवायला शिकली. माझ्याकडे पाच-पाच वर्षं शिकलेली मुलं पट्ट्यांवरची नजर उचलत नाहीत, ही दोन महिन्यांत शिकली. एका शनिवारी ती तक्रार घेऊन आली, 'बाई, ही समेच्या अगदी आधी थांबते. दर वेळी.' मी बघायला बसले. सा रे ग प ध, परत फिरली, सम आता येणार, आणि भाता बंद. सूर गायब. भात्यावरची फुटून फुटून हसत होती. मुद्दाम करत होती! तिचं बोलणं आम्हाला निम्मंच कळतं, पण ती खोडी सगळ्या बॅचला कळली. तेव्हापासून ती त्यांच्यातली झाली. त्याआधी सगळे तिच्याशी फार चांगलं वागत होते.

दोघींचा भूप अजून परीक्षेला बसवण्याजोगा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

यासाठी खर्च किती आला? दप्तराचा पट्टा घरातलाच होता. आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी कानावर बसवायची जाड कर्णरक्षकं दोन आणून ठेवली आहेत; खिळ्याला टांगलेली असतात, ज्याला हवी तो घेतो, हल्ली एक-दोन साधी मुलंही घेतात. आज काय काय होणार हे फळ्यावर चित्रं काढून लिहिते: आधी तंबोरा, मग अलंकार, मग गाणं, मग खडीसाखर. एखादा बाहेर जाऊन चार चकरा मारून आला तर त्याला विचारत नाही. सुरुवातीला दोन पालकांनी आपली मुलं काढून घेतली, 'आमच्यांचं नुकसान होतं' म्हणाले. होत असेलही थोडं. एका वर्षी एकच परीक्षा झाली असेल कुणाची, दोनच्या जागी. मी त्यांना अडवलं नाही. पण त्यातला एक मुलगा पुढे स्वतःहून परत आला, बापाला न सांगता.

क्लासवाल्यांनो, पाच नकोत, एक घ्या. या सहामाहीत एकच मूल, तुमच्या चालू बॅचमध्ये, वेगळ्या वेळी नाही. वेगळी 'स्पेशल बॅच' काढायचा मोह होईल, मलाही झाला होता. सोयीचं असतं ते. पण मग भात्यावरचीला चौथीतली भेटत नाही.

आपण मिरजेत बसून हे म्हणायचं नाही तर कुठे? कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. शाळेचा अभ्यास सुटला. त्याला मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. त्या मुलाने मोठेपणी, 5 मे 1901 ला, लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याच्या बंद दारांआडची विद्या वर्गात, फळ्यावर, छापील पुस्तकात आणली. फी भरेल त्याला शिकता येईल अशी केली. आपण सगळे क्लासवाले विष्णु दिगंबर पलुस्करांच्या त्या दाराने आत आलोय. आता आपणच त्या दारात उभं राहून 'आधी बसायला शिकू दे' म्हणतो.

एक बारीक गोष्ट जाता जाता. दिसत नाही म्हटल्यावर त्याला गाण्याला घालायचं, ही आपल्याकडे जुनी रीत. जणू अंध माणसाला दुसरं काही आवडूच शकत नाही. आणि ज्याचं बोलणं अडतं, मेंदू वेगळा चालतो, त्याला गाण्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. दोन्हीकडे ठरवणारे आपणच. कुणी त्यांना विचारलंच नाही. माझ्याकडचा डाउन सिंड्रोम असलेला मुलगा मुळात गायला आलाच नव्हता. त्याला तंबोरा जुळवायला आवडतं. घोडीखालच्या तारेवरचे मणी खाली-वर सरकवत, जीभ दाताखाली धरून, तो दहा-दहा मिनिटं लावतो. कधी जुळतो, कधी नाही. मग मी जुळवते, तो परत बिघडवतो. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराकडे मी त्याला दोनदा घेऊन गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून फलक लागले, सत्कार झाले. या पोराला मानांकनाशी घेणं नाही, त्याला पॉलिशचा वास आवडतो. कारागिराने त्याला कोरडा भोपळा घासायला दिला. तिसऱ्यांदा कधी नेऊ ते कारागीर ठरवणार आहेत, त्यांच्याही कामाचे दिवस असतात. कुणाला असं दुकान असेल आणि तासभर एखादा हात चालणार असेल तर कळवा.

राहिली माळ्यावरची पेटी. मिरजेत, सांगलीत, पुण्या-मुंबईत, मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे तिथे कितीतरी घरांत एक पेटी किंवा तबल्याची जोडी असते आणि ती कुणी वाजवत नाही. उंदीर भात्याचं कातडं खातात. दसऱ्याला तिला फूल वाहतात आणि परत वर ठेवतात. ती खाली उतरवा. मला द्यायला नको. तुमच्या जवळच्या विशेष मुलांच्या शाळेत चौकशी करा, तिथल्या बाईंना विचारा काय हवंय ते. सूर उतरलेले असतील तर दुरुस्त करून द्या, मोडकी वस्तू देऊन पुण्य लागत नाही. त्याहून बरं म्हणजे पेटीबरोबर स्वतः जा. आठवड्यातून एक तास. गाता यायला हवं असं नाही, भाता ओढता आला तरी पुरे.

परवा, गुरुवारी, रात्री नऊ वाजता आमच्या गल्लीतल्या मंडळाची बैठक आहे, मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डॉल्बीचा विषय त्याच बैठकीत आहे. मी जाणार आहे. त्या 11 वर्षांच्या मुलाचे वडील येणार आहेत. मुलगा येईल की नाही ते त्या संध्याकाळी कळेल. भात्यावरचीला आणि चौथीतलीला पेटीसकट आणतेय, टेबल जोशांच्या घरून येईल, पण पेटी उचलायला दोन माणसं कमी आहेत. साडेआठला माझ्या सोप्यात या.